नत्थूजीचा हात

मोबाईल उपडे ठेवा आधी. गुंजन, तुलेही सांगून राहिलो. लाईट गेली तर जाऊ दे, तिच्याबिगर आमचं सारं लहानपण गेलं, कोणी मेलं नाही. भुताची गोष्ट पाहिजे न तुम्हाले? तर ऐका. माझ्याजवळ पिंपळ नाही, उलट्या पायाची बाई नाही. मी पंक्चरवाला माणूस, चौथी नापास. जे डोळ्यानं पाह्यलं अन् कानानं ऐकलं तेवढंच सांगतो. मधातच कोणी "आजोबा, असं सायन्समध्ये होत नाही" म्हटलं, तर मी उठून झोपायले जाईन. बंटी, तुह्याकडेच पाहून बोलून राहिलो.

साल दोन हजार तेवीस. डिसेंबरची अकरा तारीख, सोमवार. हिवाळी अधिवेशन चालू होतं. दिवसभर मोर्चे, अर्धे रस्ते बंद, धंदा पार झोपलेला. साडेसातच्या सुमारास अभिजीतचा फोन आला.

"रुपरावकाका, स्कूटरच्या दोन जुन्या टूबा पाहिजे. एका साईजच्या. न् हातपंप आणा संगं."

"गाडी कोणती?"

"गाडी नाही. दगडाखाली ठेवायच्या आहेत."

आता दगडाले टूब कोण लावते? पण मी विचारलं नाही. दोन टूबा खांद्यावर टाकल्या, पंप घेतला, शटर पाडलं न् निघालो.

अभिजीत म्हणजे नत्थूजी हेडाऊचा एकुलता एक. न् नत्थूजी म्हणजे माझा दोस्त, तांडापेठेत आमची घरं पाठीले पाठ. जातीचा कोष्टी. पंचेचाळीस वर्षं मागावर बसला. करवती काठाचं लुगडं असं विणे, की उलटं कोणतं न् सुलटं कोणतं हे बाईमाणसालेही कळू नये. दोन वर्षांआधी त्याचा उजवा हात थरथरायले लागला. चहा पेता पेता अर्धा बशीत न् अर्धा धोतरावर. मग माग काढला, पाय सोडून बसायचा जो खड्डा होता त्यात रेती भरली, वर फरशी बसवली. त्या खोलीत नंतर कोणी जाईना.

पोट्टा शिकला नाही हे काम. नत्थूजीनं एकदा बोलावलं होतं, "ये, बस बाजूले, धागा सांधणं तरी शिक." हा म्हणे, "बाबा, पेपर आहे माझा." पेपर झाला, दुसरा पेपर आला. मग कळमेश्वरच्या एका कारखान्यात लागला. ते चमकणारे स्टिकर असतात न, हलवलं की आत खोल चित्र दिसते, ते बनवायचा कारखाना. होलोग्राम म्हणतात. आमच्या टूबेच्या डब्यावरही असते, असली-नकली ओळखायले.

त्या दिवशी मी गेलो तर अभिजीत त्या रेतीच्या फरशीवर बसून होता. मधात भला मोठा शहाबादी दगड, दोन माणसायनं उचलावा असा. खिडकीले दोन गोधड्या ठोकल्या होत्या, दाराच्या फटीले पोतं.

"काय गा हे? चोर लपवून राहिला का कोणी?"

"काका, टूबा आधी घाला. हवा थोडीशीच. दगड तरंगला पाहिजे."

"तरंगला? अन् कायले?"

"रस्त्यावरून टेम्पो गेला तर घर हलते. आपल्याले नाही समजत, पण याले समजते."

'याले' म्हणून त्यानं एक काळी थैली दाखवली. थैलीत फिल्मचे चार तुकडे होते, तळहाताएवढे, काचेवर डकवलेले. त्यानं मले समजावलं, अन् मी माझ्या अकलेनं समजलो ते असं. हे साधं प्लास्टिक नाही. हे उजेड पेते. लेझरचा लाल उजेड त्याच्या आरपार जाते, मागच्या वस्तूवर पडते, वापस येते. जाणारा न् येणारा उजेड त्या प्लास्टिकच्या पोटात गुंतते, न् तो गुंता तिथंच गोठते. धुवायचं नाही, औषधात बुडवायचं नाही. मग टॉर्च मारला की ती वस्तू आत बसलेली दिसते. फोटोसारखी चपटी नाही. डोकं इकडं नेलं तर तिची बाजू दिसते, तिकडं नेलं तर मागचं दिसते.

नत्थूजी दारात उभा राहून ऐकत होता. म्हणाला, "म्हणजे एक धागा उभा न् एक आडवा. ताणा न् बाणा. पंचेचाळीस वर्षं मी तेच केलं, मले कोणी लेझर नाही दिला."

"बाबा, बसा तुम्ही. तुमचाच हात घ्यायचा आहे."

"आता आठवण आली व्हय हाताची!"

अभिजीतनं खडूनं दगडावर हाताची जागा आखली.

मग माझ्याकडे वळून हळूच बोलला, "काका, डॉक्टरनं सांगितलं, बाबाच्या काळजाचा पंप थकला आहे. कवाही. बाबाचे फोटो आहेत, व्हिडिओही आहे. पण हात… मले तो हात पाहिजे. धागा सांधतानाचा. मी नाही शिकलो. निदान माझ्या पोट्ट्यायले दिसला पाहिजे, अंगठा कुठं न् बोट कुठं."

"मग घे न. अडचण काय?"

"जिवंत माणूस यात येत नाही."

मी त्याच्याकडे पाह्यलं.

"फिल्मवर उजेड पडते ते चाळीस सेकंद. त्यात केसाच्या हजाराव्या हिश्शाएवढं कोणी हललं, तर तेवढी जागा काळी येते. दगड येते, पितळ येते, सुकलेलं फूल येते. जिवंत हात ठेवला तर हाताच्या जागी हाताएवढं काळं भोक. नाडी चालते न आत, काका. त्यानंही हलते. त्यासाठी वेगळी मशीन लागते, ती मले कोण देईन?"

"मंग कायले रातीचा खटाटोप?"

"कारण बाबाचा हात थांबते," तो म्हणाला.

हे खरं होतं. धागा बोटात आला की नत्थूजीची थरथर गायब. अन् आणखी एक. धागा सांधताना तो श्वास धरे. त्याच्या बापालेही तीच सवय, आज्यालेही. फुंकर लागली तर बारीक धागा उडते, म्हणून त्या घरात धागा बोटात असला की तोंडातून शब्द नाही न् नाकातून हवा नाही. बाहेर घराले आग लागो. अभिजीतचा सारा हिशोब त्या धरलेल्या श्वासावर होता.

रात्री अकराले भारतीनं आम्हाले भाकर न् वांग्याची भाजी वाढली. भारती अभिजीतची बायको. घरच्या पुढच्या खोलीत पार्लर चालवते. जिभेनं तिखट, मनानं चांगली. फिल्म पक्की करायले निळा दिवा लागते म्हणून अभिजीतनं तिचा नखं सुकवायचा दिवा मागितला.

"घ्या, घ्या," ती म्हणाली. "गिऱ्हाईकं नखं सुकवतात त्यात, तुम्ही बापाचा हात सुकवा. एक पीओपीचा साचा काढला असता तर आतापर्यंत झोपलो असतो सारे."

"साच्यात नसा नाही येत वं."

"नसा! बाबाले थंडी वाजून राहिली ते नाही दिसत, नसा पाहिजे."

नत्थूजी हसला. "जाऊ दे पोरी. आयुष्यात पह्यल्यांदा हा पोट्टा माह्या मागाच्या खोलीत बसला. मी बसतो त्याच्यासंगं सकाळपर्यंत." मग अभिजीतले म्हणाला, "तू उठा म्हणशीन तवाच उठीन. त्याच्याआधी नाही. मागावर बसलो की असाच बसे मी."

तिघं आत गेलो. दार लावलं. पुरा अंधार. नत्थूजी जिथं पंचेचाळीस वर्षं बसला तिथंच बसला, फरशीवर पाट ठेवून, पाठ भिंतीले. हात दगडावर. चिमटीत तुटक्या धाग्याची दोन टोकं. अभिजीतनं अंधारात चाचपून फिल्म लावली. मग दहा मिनिटं नुसतं बसायचं, सारं शांत होईपर्यंत. लेझरपुढं एक पुठ्ठा आडवा. तो "बाबा, आता" म्हणे न् पुठ्ठा उचले. चाळीस सेकंद लाल उजेड. फक्त हातावर. तोंड कोणाचंच दिसत नव्हतं.

आता मी काय सांगतो ते नीट ऐका. टूबेत बारीक गळती असली तर लोक पाण्यात बुडवून बुडबुडे पाहतात. मी कानाशी धरतो. चाळीस वर्षांत कान असा झाला की रस्त्यावर ट्रक चालू असताना मले टाचणीच्या भोकाची हवा ऐकू येते. तर त्या खोलीत तीन श्वास होते. माझा, तंबाखूनं घरघरणारा. अभिजीतचा, घाईचा. न् नत्थूजीचा, लांब, शेवटाले शिट्टी वाजणारा. पुठ्ठा उचलला की शिट्टी थांबली. चाळीस सेकंद झाले, पुठ्ठा खाली आला, न् नत्थूजीनं "हुश्श" करून श्वास सोडला.

अकरा चाळीस झाले होते. बाहेर येऊन दिव्याखाली फिल्म धरली, टॉर्च मारला. दगड दिसला, खोल, खरा. दगडावरचा खडूचा डागही. पण हाताच्या जागी हाताएवढं काळं. जसा कोणी तेवढा तुकडा कापून नेला.

"तीन राहिल्या," अभिजीत म्हणाला.

त्याचा चेहरा पाहून मले कीव आली. तुमच्या वयाच्या पोट्ट्यायले वाटते, बाप आहेच. तो जाणार आहे हे ज्या दिवशी कळते न, त्या दिवशी माणूस काहीही पकडायले पाहते.

आतमध्ये नत्थूजी बसूनच होता. अभिजीतनं दारातून विचारलं, "बाबा, पाय मोकळे करता का?"

"बसलो ते बसलो. तू लाव तुही फिल्म."

ते त्याचं शेवटचं बोलणं. मले तेव्हा ठाऊक नव्हतं.

दुसरीले उशीर झाला. इतवारी स्टेशनात मालगाडी शंटिंग करत होती, दगड काही शांत होईना. अंधारात बसून राहिलो. थंडी फरशीतून वर चढत होती. नत्थूजीची शिट्टी ऐकू येत होती… मधात थांबे, मग येई. म्हातारा माणूस, डुलकी लागली असेल.

बारा पन्नासले अभिजीतनं पुठ्ठा उचलला. लाल उजेड हातावर पडला. शिट्टी थांबली.

चाळीस सेकंद.

पुठ्ठा खाली आला. मी "हुश्श"ची वाट पाह्यली. पण अभिजीत उठला, माझ्या खांद्याले हात लावला, "चला काका, पाहू," न् मले ओढतच बाहेर नेलं.

टॉर्च मारला. आम्ही दोघं वाकलो. हात होता. धुक्यात असल्यासारखा, कडा पुसलेल्या. पण होता! अंगठ्याचा उंचवटा दिसत होता. अभिजीतच्या डोळ्यात पाणी आलं. "येऊन राहिला काका… येऊन राहिला हात."

भारतीनं पाह्यलं. ती हसली नाही. म्हणाली, "बाबाले पाणी द्या. केव्हाचे बसून आहेत."

अभिजीत दाराशी गेला. "बाबा, पाणी?"

आतून काही नाही.

"बाबा?"

काही नाही.

"धागा धरून असतील," अभिजीत म्हणाला. "श्वास धरला असेल. बोलावू नको वं, हात हलीन जागेवरून."

न् आम्ही तिघांनीही मानलं ते. काहून नाही मानणार? त्या घरात धागा बोटात असला की माणूस बोलत नाही, हे भारतीलेही ठाऊक, मलेही ठाऊक. दुसऱ्या कोणाच्या घरी आम्ही दार उघडून दिवा लावला असता.

तिसरी फिल्म.

अंधार. दहा मिनिटं. मी ऐकत होतो.

माझा श्वास. अभिजीतचा श्वास.

दोन.

मी मान वाकडी केली. कान त्याच्याकडे केला. टूब ऐकतो तसा.

दोनच.

बाहेर कुत्रं भुंकलं, थांबलं. अभिजीत कुजबुजला, "अजून पाच मिनिटं." मी मनात मोजायले लागलो. साठ झाले. दोनशे झाले. तीनशे. कोणी तीनशे मोजेपर्यंत श्वास धरते का? तेवढा तर पाणबुड्याही धरत नाही.

मले कळलं होतं.

खोटं कायले बोलू? चारशेच्या आसपास मले कळलं होतं. तोंड उघडायचं होतं फक्त. "अभ्या, दिवा लाव," एवढंच म्हणायचं होतं. पण फिल्म दोनच राहिल्या होत्या. हात येत होता. पोट्टा रडला होता हात पाहून. न् मी बोललो असतो न् नत्थूजी नुसता झोपला असता तर? म्हटलं, चाळीस सेकंदच तर आहेत…

मी गप्प बसलो.

"बाबा, आता," अभिजीत म्हणाला. पुठ्ठा उचलला. दोन वीस.

लाल उजेड. हात. चिमटी. धागा.

काहीच हललं नाही. धागाही नाही.

अभिजीतनं पुठ्ठा टाकला न् फिल्म घेऊन बाहेर धावला. मी मागोमाग. मागं पाह्यलं नाही. दिव्याखाली धरली, टॉर्च मारला…

अरे बाप्पा.

हात. पुरा हात. नसा वर आलेल्या, निळ्या नाही पण जाड्या जाड्या. अंगठ्याचं फाटलेलं नख. मागाच्या दांड्यानं पडलेला घट्टा. डोकं उजवीकडं नेलं तर बोटांच्या मागचा सांधा दिसे. असं वाटे की हात घातला तर हातात हात येईन.

"झालं!" अभिजीत ओरडला. "झालं बाबा! उठा आता! उठा!"

मी त्याचं मनगट धरलं. "अभ्या… थांब. उठवू नको. आधी मी जातो आत…"

मग आतून धोतराचा आवाज आला.

सरकला. पाट वाजला.

नत्थूजी दारात उभा राह्यला.

उजेडात आला. भिंतीले न धरता. उजवा हात तसाच पुढं, चिमटी तशीच, धाग्याची दोन टोकं लोंबलेली. डोळे उघडे. अभिजीतकडे.

"पाहा काका, थरथर थांबली बाबाची," अभिजीत हसत म्हणाला.

थांबली होती. पार थांबली होती.

"बसा बाबा," भारती म्हणाली. तो बसला. तिनं चहा पुढं ठेवला. त्यानं चहाकडे पाह्यलं नाही. अभिजीतनं फिल्म दाखवली, टॉर्च मारून, इकडून, तिकडून. त्यानं फिल्मकडे पाह्यलं नाही. फक्त पोराकडे. मी त्याच्या नाकाकडे पाहत होतो. थंडी एवढी होती की आम्हा तिघांच्या तोंडातून वाफ निघत होती.

आम्हा तिघांच्या.

चहावर साय धरली. भारतीनं एकदा माझ्याकडे पाह्यलं न् मान खाली घातली. शेवटी अभिजीत म्हणाला, "थकले बाबा. जा, झोपा आता."

तो उठला. गेला. खाट वाजली.

मी घरी आलो. तीन वाजले होते. पंप तिथंच विसरलो. झोप नाही आली. गोधडी डोक्यावरून घेतली न् माझाच श्वास ऐकत पडलो.

सकाळी साडेसहाले भारतीचा फोन. नुसती रडत होती.

गेलो तर नत्थूजी खाटेवर पडून होता. उताणा… पण गुडघे वर, कंबर वाकलेली, जसा पाटावर बसला होता तसा. हात पुढं. चिमटी तशीच. अंग लाकूड झालेलं. मी न् अभिजीतनं पाय सरळ करायले पाह्यले, झाले नाहीत.

गल्लीतले डॉक्टर आले. पापणी वर केली, जबडा पाह्यला, हात पाह्यला. म्हणाले, "बारा-एकच्या मधात गेले. बसल्या जागीच. मले रात्री काहून नाही बोलावलं?"

"नाही हो," भारती म्हणाली. "अडीचले तर बाबा बाहेर आले. खुर्चीवर बसले. मी चहा दिला."

डॉक्टरनं चष्मा काढला. तिच्याकडे पाह्यलं, मग माझ्याकडे.

"कोणाले दिला?"

कप टेबलावरच होता. भरलेला.

गंगाबाई घाटावर नेलं. चिमटी शेवटपर्यंत उघडली नाही. धागा तसाच संगं गेला.

इथं गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. बंटी, बस खाली. पाणी नंतर.

अभिजीतनं डॉक्टरचं मानलं नाही. कसं मानीन? मानलं तर त्याचा अर्थ काय होते? बाप मेला होता न् पोरगा त्याले "हलू नका" म्हणून राहिला होता. मेलेल्या बापाले बसवून त्यानं हात काढून घेतला. न् मग त्याले उठा म्हटलं. तो सगळ्यायले सांगत फिरे, "डॉक्टर चुकला. अडीचले बाबा जिवंत होते. थंडीनं हात आखडला म्हणून फिल्म स्वच्छ आली. जिवंत हातही येऊ शकते." कामावर जाईना. जेवण अर्धं. मले दोनदा विचारलं, "काका, तुम्ही होते न आत? बाबाचा श्वास ऐकला न तुम्ही?"

मी म्हटलं, ऐकला.

दोन्ही वेळा म्हटलं.

तेरवी झाली. दुसऱ्या दिवशी, पंचवीस तारखेले, रात्री तो एकटाच त्या खोलीत गेला. फिल्मचा एक तुकडा राहिला होता. भारतीले म्हणाला, "तू झोप. मी माझाच हात घेतो. स्वच्छ आला की समजून जा, बाबा जिवंत होते." तिनं खूप समजावलं. मग थकून झोपली.

सकाळी सात वाजता ती माझ्या दुकानात आली. केस तसेच, पायात चप्पल नाही. हातात कापडात गुंडाळलेली काच.

"काका, हे तुमच्याजवळ ठेवा. मले घरात नको."

"काय झालं? अभिजीत कुठं आहे?"

"घरी आहेत. चांगले आहेत. म्हणतात, पाह्यलं का, जिवंत हातही येते." ती थांबली. "हसून राहिले, काका."

"मग रडते कायले?"

"पहाटे पाचले मी उठली. बिछान्यावर नव्हते. आत गेली तर बसून होते. बाबा बसत तिथंच. लेझर चालूच. हात दगडावर. मी हाक मारली, बोलले नाहीत. अंगाले हात लावला…"

तिनं तोच हात पदरात घट्ट गुंडाळला, बर्फाले लागल्यासारखा.

"नाडी पाह्यली का तू?"

"नंतर पाह्यली. चालते. आताही चालते. चहा पेले, काका, खरंच पेले. ऊन ऊन पेले."

"मग उठला केव्हा?"

तिनं पदरानं तोंड पुसलं. रस्त्यावर पाह्यलं. म्हणाली,

"मी उठा म्हटलं… तेव्हा."

आज त्याले कित्येक महिने झाले. अभिजीत कामावर जाते. जेव म्हटलं की जेवते. झोप म्हटलं की झोपते. लोक म्हणतात, बाप गेल्यापासून पोट्टा सुधारला, बायकोचं ऐकते.

त्या सकाळी भारती दुकानातून घरी गेल्यावर मी शटर अर्धं खाली ओढलं न् कापड सोडलं. त्याच फिल्मवर टॉर्च मारला. आत अभिजीतचा हात होता, दगडावर टेकलेला, मोकळा. बोटांच्या मागचे केस एकेक मोजता येत होते. नखात अडकलेला रेतीचा कण दिसत होता. करंगळीजवळ तेरवीच्या चुलीवर भाजल्याचा ताजा फोड होता, त्यावरची पातळ कातडीही दिसत होती.

मी काळं शोधलं, नाडीच्या एका ठोक्याएवढं तरी. इकडून पाह्यलं, तिकडून पाह्यलं. कडेकडेनं पाह्यलं.

कुठंच नव्हतं.